‘टेन्शन मनात असतं’ म्हणणाऱ्यांनी आधी डबा उघडावा

‘टेन्शन हा निव्वळ मनाचा खेळ आहे. मन खंबीर असेल तर भूक, झोप, एकटेपणा काहीही आड येत नाही. मोठी माणसं चार तास झोपतात. आपल्या आजी-पणजीने कधी तक्रार केली नाही. भावना कुरवाळल्या की वाढतात. जेवलो का, झोपलो का असं स्वतःला विचारत बसणं हे पाश्चात्त्य फॅड आहे.’ शब्द थोडे इकडेतिकडे होतात, खाली कधी उगवता सूर्य असतो तर कधी डरकाळी फोडणारा वाघ, पण या आशयाचा मजकूर ऑफिसच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतच असतो. त्यातला एकेक दावा बघू.

टेन्शन फक्त मनात असतं, हा पहिला. बराच वेळ पोटात काही नसलं आणि रक्तातली साखर उतरू लागली, की ती वर आणायला शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो. साहेबांनी अचानक केबिनमध्ये बोलावलं तरी हेच होतं, कारण रसायन तेच आहे. धडधड कशामुळे सुरू झाली याची चिठ्ठी शरीर पाठवत नाही. मग समोर जे काम असेल, जो माणूस असेल, त्याच्यावर आपण खापर फोडतो. त्यात रिकाम्या पोटी तिसरा-चौथा चहा ढोसला असेल तर बघायलाच नको.

बँकेत काम केलेल्यांना मार्चएंड म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या शाखेत अशाच एका संध्याकाळी हिशेब जुळेना. फरक नऊशेचा. नऊने भाग जाणारा फरक आला की कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे कुठलाही जुना बँकवाला झोपेतही सांगेल. त्या दिवशी साडेपाच वाजता ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. कॅशियर बाईंचा डबा सकाळपासून काउंटरखाली तसाच होता. पाणी त्या मुद्दामच कमी पीत, कारण वॉशरूम वरच्या मजल्यावर आणि काउंटर सोडायची सोय नाही. पासबुक घेऊन आलेल्या एका पेन्शनर आजोबांवर त्या अशा कडाडल्या की सगळी शाखा गप्प झाली. मग ‘मला ही नोकरीच झेपत नाही’ म्हणून रडवेल्या झाल्या. शिपाईकाकांनी काही न बोलता डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. गार पोळ्या आणि भेंडी. जेवणाने फरक मिटला नाही, व्हाउचरं एकेक करून तपासावीच लागली आणि २,३००चे ३,२०० झालेले सापडायला रात्र झाली. पण नोकरी सोडायची भाषा डब्यासोबतच संपली होती. अडचण नऊशे रुपयांची होती, आयुष्याची नव्हती, एवढं त्यांना दिसू लागलं.

पाणी कमी पिण्याची ती गोष्ट तर घरोघरची आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही स्वच्छतागृहांसाठीची मोहीम बायकांनी चालवली, ती याच कारणाने. स्वच्छतागृह नाही, म्हणून दिवसभर पाणी नाही, म्हणून डोकेदुखी आणि चिडचिड. अशा बाईला ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला द्यायला काहीच लागत नाही. स्वच्छतागृह बांधायला पैसे लागतात.

आता चार तास झोपणाऱ्या मोठ्या माणसांकडे येऊ. कमी झोपेवर खरोखर निभावणारी माणसं आहेत, पण ती दुर्मीळ. २००९मध्ये शास्त्रज्ञांना ‘डेक-टू’ या जनुकात तसा एक बदल सापडला. तो ज्यांच्यात होता त्या मायलेकीही रोज साधारण सव्वासहा तास झोपत होत्या, चार नव्हे! बाकीच्या प्रौढांसाठी निद्रातज्ज्ञांची शिफारस किमान सात तासांची आहे.

‘मला सवय झालीय’ हे त्याहून फसवं. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांची एकाग्रता रात्रभर जागलेल्या माणसाइतकी ढासळली होती, आणि विचारलं तर म्हणत होते, थोडीशीच झोप येतेय. म्हणजे झोपेच्या बाबतीत आपली आपल्याला लागणारी खबर भरवशाची नाही. घड्याळाला विचारावं लागतं, काल किती वाजता पडलो आणि किती वाजता उठलो. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या हालचाली आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं होतं, असंही प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहाला बायकोशी वाद उकरून काढणाऱ्याने हा हिशेब करून बघावा.

आजी-पणजीने तक्रार केली नाही, हे वाचून मला खरंच हसू येतं. केली नाही कशी? पहाटे जात्यावर बसून केली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यांत भावाची वाट बघणं आहे, सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, लेकीच्या जन्माचं दुःख आहे. दळणाला बसलेली दुसरी बाई ते ऐकतही होती. पुरुषमंडळी त्या वेळी झोपलेली असत, म्हणून त्यांना वाटलं की बाई कधी काही बोलली नाही.

भावना कुरवाळल्या की वाढतात, या दाव्याचंही उत्तर यातच अर्धं आलं. उरलेलं अर्धं असं की तेच तेच उगाळत बसणं वेगळं आणि ‘मला भीती वाटतेय’, ‘मला राग आलाय’ असं एकदा नाव देऊन टाकणं वेगळं. उगाळण्याने त्रास वाढतो, हे खरंच आहे. नाव दिल्याने मात्र मेंदूतल्या अमिग्डला या भागाची, जिथे धोक्याची घंटा वाजते त्या जागेची, खळबळ कमी होते, असं लॉस एंजेलिसच्या मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात दिसलं.

राहिलं पाश्चात्त्य फॅड. भूक, राग, एकटेपणा, थकवा ही स्वतःला विचारायच्या चार प्रश्नांची यादी अमेरिकेतून आली, कबूल. पण ती स्पावाल्यांची नाही, दारू सोडू बघणाऱ्यांची आहे. तलफ आली की आधी हे चार तपासा, कारण कित्येकदा बाटलीची वाटणारी ओढ जेवणाची किंवा सोबतीची असते, हे त्यांना ठेच लागून कळलं. आपल्याकडे फोन उचलल्यावर आई पहिलं ‘जेवलास का’ विचारते, तिने कुठला कोर्स केलाय?

उलट बाजूचा खोटेपणाही सोडायला नको. पाणी प्या, आठ तास झोपा, टेन्शन गायब, असे रीलही तितकेच फिरतात. कर्जाचा हप्ता पाणी पिऊन फिटत नाही आणि छळणारा साहेब आपल्या झोपेने सुधारत नाही. पोट, झोप, सोबत तपासायची ती आपल्या त्रासातलं शरीराचं किती आणि परिस्थितीचं किती हे वेगळं करायला. आणि जेवण, झोप, माणसं सगळं जागेवर असूनही दोन-दोन आठवडे मन उठतच नसेल, किंवा झोप यायचीच बंद झाली असेल, तर प्रश्न या यादीच्या बाहेरचा आहे. त्यासाठी डॉक्टर आहेत, आणि सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.