निकाल जुळत नाहीत, म्हणून सगळं खोटं?

नॅनोकण म्हणजे विष हे सिद्ध झालंय, ते कोणी तपासत नाही, आणि तपासलं तरी प्रत्येक प्रयोगशाळा वेगळंच सांगते, म्हणजे कुणालाच काही कळत नाही. असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. कुणालाच काही कळत नसेल तर मग विष असल्याचं सिद्ध केलं कोणी?

आधी 'विष'. नॅनो हे मापाचं नाव आहे, साधारण 1 ते 100 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), पदार्थाचं नाही. 2008 मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत कार्बनच्या नॅनोनलिका सोडून पाहिल्या. लांब नलिकांनी अॅस्बेस्टॉस या घातक खनिज तंतूसारखा दाह झाला, आखूड आणि गुंता झालेल्यांनी तसा झाला नाही. कार्बन तोच, आकार वेगळा. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही एमडब्ल्यूसीएनटी-7 हा कार्बन नलिकांचा एकच प्रकार 'माणसात कर्करोग घडवू शकेल' अशा गटात टाकला. बाकीच्या कार्बन नलिकांचं वर्गीकरण करण्याइतका पुरावा तिला दिसला नाही.

आता निकाल न जुळण्याचा मुद्दा. हा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण खरं काम इथेच झालंय. पेशी जिवंत आहेत का हे बघायची एक नेहमीची चाचणी आहे, एमटीटी. जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे स्फटिक बनवतात, ते विरघळवून रंग मोजायचा. पण कार्बन नलिकांना हे स्फटिक चिकटून बसतात आणि विरघळतच नाहीत. रंग फिका येतो, पेशी मेल्या असं वाटतं, आणि त्या तर जिवंत असतात! पाण्यात विरघळणारं रंगद्रव्य वापरल्यावर 2006 मध्ये हा घोळ उघड झाला. भुकटी द्रवात कशी मिसळली, गुठळ्या किती राहिल्या, यानेही आकडा बदलतो.

यावर उपाय एकच होता, सगळ्यांनी एकाच नमुन्यावर, एकाच पद्धतीने काम करायचं. अमेरिकेत नॅनोगो या संशोधन गटातल्या प्रयोगशाळांनी तेच केलं. पहिल्या फेरीत निकाल विखुरले, पद्धत नीट बांधून घेतल्यावर ते जवळ आले. 2013 मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्धही केलं, विखुरलेल्या आकड्यांसकट.

'कोणी तपासत नाही' हे तर सरळ चूक. ओईसीडी म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांनी 2007 पासून ठराविक पदार्थ आपसात वाटून घेऊन तपासले. इटलीत इस्प्रा इथे युरोपीय आयोगाने तपासणीसाठीच्या नमुन्यांचं भांडार उभारलं. आणि तपासणीतून निर्णयही होतात. टायटॅनियम डायऑक्साइडमुळे डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये सांगितलं आणि 2022 मध्ये त्याचाच ई171 हा पांढरा खाद्यरंग तिथल्या खाद्यपदार्थांतून गेला. त्याच पदार्थाचं नॅनोरूप सनस्क्रीन मलमात मात्र अटींसह चालतं, कारण धडधाकट त्वचेतून ते आत जात नाही. श्वासावाटे फुफ्फुसात जाईल अशा स्प्रेत त्याला परवानगी नाही.