डुकर ऱ्हवता खय?

विषय काढला अण्णांनी. तालुक्यातल्या रानडुकरांची पाहणी करून नकाशा काढणार, ही बातमी सकाळीच सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून शिळी झाली होती. तरी ती आपणच आणली, असा त्यांचा चेहरा.

"ड्रोन!" अण्णा म्हणाले. "वरून थर्मल कॅमेरा. एका रात्रीत सगळे ठिपके मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घालायच्या."

अण्णांना कुठल्याही प्रश्नावर आधी ड्रोन सुचतो, मग गोळी. बाजारातलं गटार तुंबलं तेव्हाही ड्रोन सुचवला होता. गोळीपर्यंत ते पोचले नाहीत, एवढंच गटाराचं नशीब.

"काजूच्या पानांखालचं ड्रोनला काय दिसणार?" मंग्या म्हणाला. मंग्या प्राणिशास्त्र शिकलाय आणि असल्या पाहण्यांत हंगामी कामाला जातो, त्यामुळे कट्ट्यावर त्याला फारशी किंमत नाही. "वाघ पट्ट्यांवरून ओळखतात. प्रत्येकाचे पट्टे वेगळे. डुकराच्या फोटोवरून हे कालचंच की दुसरं, कसं सांगणार?"

"भाईंचं पण तसंच. रोज तोच शर्ट," अण्णा.

भाईंनी चहात बघितलं. "आम्ही राधानगरीला बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून मोजलेत प्राणी."

"तुम्ही घोरत होतात. एक जनावर फिरकलं नाही पाणवठ्याकडे."

हे भांडण जुनं आहे, त्यात कोणी पडत नाही. मंग्याने मात्र नेट धरला. नकाशावर चौकोन पाडायचे. एकेका चौकोनात पुन्हा पुन्हा जायचं. उकरलेली जमीन, खुरांचे ठसे, लोळलेला चिखल, बुंध्याला घासून लागलेली माती, सगळं टिपायचं. एका फेरीत काही दिसलं नाही म्हणजे डुक्कर नाहीच, असं धरायचं नाही. असूनही हुकलं असेल, त्याचाही हिशेब लावायचा. आकडाच हवा तर कॅमेरे ठरलेल्या रीतीने लावायचे, आणि डुक्कर दिवसाला किती चालतं, कॅमेऱ्याच्या टप्प्यात किती जागा येते, यावरून अंदाज बांधायचा.

"आणि तोपर्यंत डुकरीण व्याली," अण्णा म्हणाले. हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. पावणेचार महिने पोटात आणि एका वेताला चार-सहा पिल्लं.

दाजी इतका वेळ तंबाखू मळत होते. त्यांची नाचणी गेली आणि सुरणही गेला, हे सगळ्यांना माहीत.

"रे मंग्या, डुकर मोजूक रानात कित्या जातास? डुकर रानात ऱ्हवता खय? जी घरा बंद आसत ती मोज. मुंबयवाल्यांची पड मोज. डुकर आपोआप मोजून होतले."

मंग्या हसला नाही. "तेच तर, दाजी. आपल्याकडचं रान बहुतेक खाजगी. जंगलखात्याच्या हद्दीपुरता नकाशा काढला तर अर्धी डुकरं बाहेरच राहतील. आणि नुकसानभरपाईच्या अर्जांवरून काढला तर..."

"...तर अर्ज करणारे खय ऱ्हवतत ता कळतला," दाजींनी वाक्य पुरं केलं. "पंचनामो झालो तर ठिपको. माझ्या शेतात ठिपको नाय. अर्जापाठी फिरान दमलंय आणि सोडून दिलंय. नकाशा म्हणतलो, दाजीकडे डुकरच नाय!"

पाहणीवर खर्च करणाऱ्यांनी हे एवढं ऐकलं तरी पुष्कळ झालं. पण ऐकायला तिथे होते अण्णा.

"पण मारायचे कधी?" अण्णा. "उत्तराखंडात 2016 साली उपद्रवी ठरवून मोकळे झाले. केरळात 2022 साली पंचायतीच्या अध्यक्षाला मारायची परवानगी द्यायचा अधिकार दिला. आणि आपण?"

"त्याच 2022 साली वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीत रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेलं," मंग्या म्हणाला.

"म्हणजे डुकराक बढती!" दाजी. "माझो झील दहा वर्सा त्याच हुद्द्यार."

मग दाजींच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निघालीच. परवाना पीक राखण्यासाठी, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

"भात पिकलेला, बंदूक ठाण्यात. आचारसंहिता लागली ह्या डुकरांका कोणी कळवलेलाच नाय."

"बायकोच्या साड्या बांधा की कुंपणाला," भाई म्हणाले.

"बांधलंय. डुकर इले नायत, बायको इली."

अण्णा पुन्हा गोळीकडे वळणार, तेवढ्यात दाजी त्यांच्याकडे वळले.

"अण्णानू, तुमचो मळ्यातलो कुणगो किती वर्सा पड आसा? माणूसभर रान वाढलाहा. दिसभर डुकर थयसर निजतत आणि रातीक माझ्याकडे जेवक येतत. तुमच्याकडे लॉज, माझ्याकडे खानावळ."

अण्णांचा आवाज बसला. सातबाऱ्यावर नावं फार, भावाशी दावा चालू, जमीन कसली तर हक्क सांगितल्यासारखं होतं, वगैरे वगैरे. गावातली निम्मी पड ही अशीच आहे. कसायला माणूस नाही आणि असला तर सह्या नाहीत. मंग्याने खिशातून वही काढली. कोणाच्या नावावर किती वर्षं पड, हे दाजींना तोंडपाठ होतं, तो लिहून घेत होता. पाहणीचं खरं काम मला वाटतं त्या पाच मिनिटांतच झालं.

"मग पहिला कॅमेरा अण्णांच्या पडीत लावतो," मंग्या म्हणाला. "पडीतून काजूत उतरायची जी वाट आहे ना, तिथेच."

"तिथे नको," भाई चटकन म्हणाले.

"का?"

"म्हणजे... माणसांचीही जायची-यायची वाट आहे ती. फोटो वगैरे बरं नव्हे."

दाजींनी तंबाखू तोंडात टाकली. "भाईनू, तुमची बाग नाय, तरी औंदा काजी खयच्यो विकलास?"

अण्णा उभेच राहिले. गेली दोन वर्षं बिया कमी का भरतात, हे कोडं त्यांनी याच कट्ट्यावर कितीदा तरी मांडलं होतं, आणि दर वेळी "डुकरं, दुसरं काय" असं सांगून समजूत घातली होती ती भाईंनीच.

"पडलेल्या होत्या रे!" भाई म्हणाले. "नाहीतरी डुकरांनीच खाल्ल्या असत्या!"

मंग्याने वहीचं पान उलटलं. "तुम्हाला कुठल्या रकान्यात घालू, भाई? कळपातला की एकटा नर?"