गाडी कुठाय?

मे महिन्यात पुण्याचा पाहुणा येणं आमच्याकडे ठरलेलंच, पण यावेळी मेव्हणा आला तो मनगटाला एक घड्याळ बांधून आणि ते घड्याळ त्याच्याकडे रोज दहा हजार पावलं मागायचं. त्यामुळे राम आळीतल्या आमच्या घरातून पहिल्याच सकाळी फर्मान सुटलं, "भावोजी, गाडी नको हां, रत्नागिरी चालत बघू, मॅपवर सगळं जवळच दिसतंय."

मॅपवर चढ दिसत नाही ना! आमच्याकडे अंतर सांगताना चढ किती नि उतार किती हे सांगायला पाहिजे, पण इथला माणूस नुसती हनुवटी वर करतो आणि म्हणतो, "हे काय, इथेच तर आहे." मी पण आयुष्यभर पर्यटकांना हेच सांगत आलोय, त्याची फेड असणार. बायकोचा भाऊ, नाही म्हणायची सोय नव्हती.

आधी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान. मी इथे शेवटचा आलो तो चौथीत असताना, शाळेच्या रांगेतून, पुढच्याचा शर्ट धरून. मेव्हण्याने 23 जुलै 1856 पासून सगळं वाचून काढलं आणि टिळकांचे वडील या घरात भाड्याने राहत होते हे कळल्यावर त्याचा चेहरा जो काय खुलला, कारण तो स्वतः कोथरूडला अकरा महिन्यांच्या करारावर राहतो.

बाहेर आलो तर एक स्कूटर थांबली. "काय हो, गाडी बिघडली?" म्हटलं नाही, सहज चालतोय. "सहज?" असं म्हणून तो माणूस मान हलवत गेला. पतितपावन मंदिरापर्यंत अजून तिघांनी विचारलं. हे 1931 सालचं, सावरकर इथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेलं, सगळ्या जातींना खुलं. दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला ज्यांचं नाव आहे ना, तेच भागोजीशेठ. मी हे ऐटीत सांगत होतो तेवढ्यात मागून शाळेतला मित्र ओरडला, "अरे, हप्ते थकले काय?"

मग थिबा पॅलेसचा चढ. अकरा वाजलेले, वाऱ्याचं नाव नाही, शर्ट पाठीला असा चिकटलेला की सोलूनच काढायला लागला असता, आणि अर्ध्या चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आंब्याच्या पेटीची सुतळी रस्त्याकडेला पडलेली होती, ती पायाला गुंडाळली आणि ब्रह्मदेशाच्या राजाच्या दारात तसाच फरफटत गेलो. इंग्रजांनी थिबा राजाला 1885 साली गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून टाकलं आणि हा राजवाडा त्याला राहायला मिळाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं! आमच्याकडे बांधकामाचा वेग तेव्हापासूनच असा आहे तर. 1916 ला बिचारा गेला इथेच. एकूण एकतीस मे महिने काढले हो त्याने या घामात, आणि म्हणे इंग्रज फार शिस्तीचे.

एवढ्यात मेव्हण्याचं घड्याळ थरथरलं. दहा हजार! तो तिथल्या तिथे पायरीवर बसला. म्हटलं चल, अजून रत्नदुर्ग राहिला, तर म्हणाला, "भावोजी, रिक्षा करू."

रिक्षावाला ओळखीचाच निघाला, त्याने आधी माझ्या पायाच्या सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भाडं अर्धंच सांगितलं. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. किल्ल्यावर भगवतीचं दर्शन घेतलं, तिन्ही बाजूंना समुद्र, इकडे मांडवीची काळी वाळू तिकडे पांढऱ्या समुद्राची पांढरी, वारा पण मस्त, आणि हे सगळं सकाळीच गाडीने वीस मिनिटांत दिसलं असतं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "गाडी बँकवाले घेऊन गेले म्हणे? सकाळपासून चार फोन आलेत." गाडी तिच्यासमोर अंगणात उभी होती, तिच्यावर आदल्या दिवशीचे पापड वाळत होते. मी बोट दाखवलं.

"मला दिसतेय हो," ती म्हणाली, "पण पुण्याहून आईचाही फोन आला होता, किती पैसे पाठवू विचारत होती."