‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: माझ्या घरी उतू जाणारा वेळ

स्पष्टवक्ता, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण ते पाठवलं असतं तर सकाळी उठून मलाच पुसावं लागलं असतं. म्हणून दोन दिवस जाऊ दिले. राग बराच निवळलाय. सगळा नाही.

ज्यांनी आधीचं काही वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूल हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जाण्याआधी घरानं काय तयारी करावी, यावर मी लिहिलं होतं. शाळा सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधीपासून झोपायची वेळ हळूहळू अलीकडे आणा, रोज अभ्यासाला शेजारी बसणं सोडा आणि आठवड्यातून एकदा मुलासोबत वह्या उघडून बघा, पहिले सहा आठवडे गैरहजेरी आणि राहून गेलेली कामं यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, असा एकूण सूर. त्यावर स्पष्टवक्ता यांचं म्हणणं: साल चुकलंय, एक संशोधन दुसऱ्याच वयाच्या मुलांचं आहे, शाळाच भल्या पहाटे भरते तिथे झोपेचे सल्ले काय कामाचे, आधीच मागे पडलेल्या मुलांबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: “ताई, लेख वाचून वाटलं, तुमच्या घरी वेळ उतू जात असावा.”

आधी चूक कबूल करते. शिकागोच्या अभ्यासाचं साल मी २०१५ लिहिलं होतं, ते २००५ हवं. दुरुस्त केलंय. आभार.

पण साल चुकलं म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही. एलेन ॲलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी शिकागोच्या सरकारी शाळांतली नववीची मुलं पाहिली. तिथे नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष. वर्षअखेर पुढच्या वर्गात जाण्याइतके विषय पूर्ण झालेत आणि मुख्य विषयात एका सत्रापेक्षा जास्त नापासाचा शेरा नाही, अशी मुलं ‘रुळावर’ धरली. ती चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्या मुलांच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. आठवीच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा नववीतलं हे रुळावर असणं पुढचं जास्त नेमकं सांगत होतं. म्हणजे हुशार म्हणून आलेलं मूलही पहिल्या वर्षात घसरू शकतं आणि बेताचं मूल टिकू शकतं. सगळा लेख मी यासाठी लिहिला होता. तुम्ही त्यातलं साल तेवढं वेचलंत.

आता ते वाक्य.

‘ताई’ म्हणून हात जोडायचे आणि त्याच हातांनी चिमटा काढायचा, ही पद्धत मला नवी नाही. लेख पटला नाही, सल्ला चुकीचा वाटला, म्हणा की तसं. पण माझ्या घरी वेळ उतू जातो की करपतो हे तुम्हाला कुठून कळलं? तुम्ही माझं घर पाहिलंय? मी वेळेबद्दल लेखात एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही ते गृहीत धरलंत, कारण शांतपणे लिहिणारी बाई म्हणजे निवांत बाई, असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे.

तर ऐकाच. माझी लेक हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हा मी एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पाळ्यांमध्ये काम करत होते. आठवड्याला तीन रात्रपाळ्या. नवरा बदलीच्या गावी, महिन्यातून एकदा दिसायचा. मी सकाळी घरी यायचे तोवर ती शाळेत, ती परतायची तेव्हा मी झोपलेली. आमचं बोलणं चालायचं फ्रिजवर ठेवलेल्या शंभर पानी वहीतून, जिला दोरीनं पेन बांधलेलं होतं, कारण सुटं पेन त्या घरात दोन दिवस टिकत नसे. वही अजून आहे. जूनचं तिसरं पान असं आहे: “गणिताच्या सरांनी उद्या कंपास आणायला सांगितलाय. त्यातला पेन्सिलीचा तुकडा हरवलाय. जाग आली तर शोध. नाही आली तर मी मैत्रिणीचा घेईन.”

ते शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ वही हातात धरून उभी होते. अपराधी वाटलं, ते आहेच. पण हेही कळलं की तिनं सोय स्वतःच लावली होती. मी उठले असते, तुकडा शोधून दप्तरात ठेवला असता, तर तिसऱ्या आठवड्यात तिनं दुसरं काहीतरी हरवलं असतं आणि मलाच उठवलं असतं. ‘शेजारी बसू नका’ हा सल्ला तिथून आलाय, वेळ उतू गेल्यामुळे नाही. तुम्हाला तो चैनीचा वाटला. मला तो नाइलाजानं सापडला, आणि बरा निघाला.

आणि मी काही आदर्श आई नव्हते, हे आधी मीच सांगते, म्हणजे तुमचा एक परिच्छेद वाचेल. बीजगणिताच्या पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी सहा मिळाले. पेपर तिनं घडी घालून कंपासच्या झाकणात दाबला होता. रविवारी वह्या बघायला बसलो तेव्हा झाकण नीट लागेना म्हणून सापडला. मी भरपूर रागावले. लेखात जे जे करू नका म्हटलंय ते सगळं केलं. मग ती रडून झोपली आणि मी पेपर घेऊन बसले. चुकलेल्या गणितांपैकी चार गणितं एकाच ठिकाणी अडली होती: कंसाआधी उणे असलं की तिनं कंस सोडताना आतलं चिन्ह बदललेलंच नव्हतं. ७ - (क्ष - ३) याचं तिनं ७ - क्ष - ३ केलं होतं. हवं होतं ७ - क्ष + ३. एक चूक, चार ठिकाणी. रोज शेजारी बसले असते तर रोज “चिन्ह बदल, चिन्ह बदल” म्हटलं असतं, गृहपाठ बरोबर आला असता, आणि चाचणीत मी शेजारी नसते.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: “कंसाआधीचं उणे बघ.” एवढंच. माझा त्या आठवड्यातला गणिताला दिलेला वेळ, धरून चाला, चाळीस मिनिटं. त्यात रागावण्याची वीस.

वेळेचाच हिशेब चाललाय तर आणखी एक. वही मिटून, समोर कोरा कागद घेऊन, आठवेल ते लिहायचं किंवा बोलून दाखवायचं, हे मी सुचवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “आम्हाला स्वतःला तो विषय येत नाही.” अहो, यायची गरजच नाही. तुम्ही इस्त्री करता करता “आज विज्ञानात काय झालं, पुस्तक न बघता सांग” म्हणू शकता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचे २००६ चे प्रयोग यावरच आहेत. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आठवड्यानं विचारलं तर स्वतः आठवून लिहिणारे पुढे होते. मुलं पुन्हा वाचतात कारण त्यात बरं वाटतं, ओळखीची ओळ दिसली की आलं असं वाटतं. आठवताना अडखळायला होतं, म्हणून ते टाळतात. इस्त्री चालू असताना हे होतं. मी केलंय. कपडे थोडे करपले, ते जाऊ द्या.

बाकीचं झटपट. संशोधन दुसऱ्या वयाचं: नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली ५० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तो हायस्कूलच्या आधीच्या वर्गांतल्या मुलांचा, हे खरंय. लेखात मी ते स्पष्ट लिहिलं नव्हतं. पण मूल एका सुट्टीत दुसऱ्या जातीचा प्राणी होत नाही. शिक्षण कशासाठी, पुढे काय करायचंय, अभ्यास कसा करायचा, यावर मुलांशी बोलणाऱ्या घरांचा यशाशी सर्वांत घट्ट संबंध दिसला. गृहपाठात मदतीचा तसा दिसला नाही. मदत मुळात मागे पडलेल्यांनाच मिळते म्हणूनही तसं दिसत असेल, असं तुम्ही म्हणता. असेलही.

झोपेबद्दल: पहाटे भरणारी शाळा मी भरवत नाही. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे दहाला आडवं केलेलं मूल अकरापर्यंत टक्क जागं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच आहे. तुमच्या शाळेला तो लागू नसेल. मग तेरा ते अठरा वयाला लागणाऱ्या आठ ते दहा तासांपैकी जितके जमतील तितके जमवा, यापलीकडे मी काय सांगणार? मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिला आधीच मागे पडलेल्या मुलांचा मुद्दा. तुमचा मुलगा सहावीपासून मागे आहे, एकट्यानं वाचताना अडखळतो, त्याला असं एकटं सोडायचं का, असं तुम्ही विचारलंय. तो वेगळा विषय आहे. एका लेखात सगळं मावत नाही. कधीतरी लिहीन. तोवर शाळेत बोला, वाचनाची तपासणी करून घ्या.

आणि हो, तुम्ही पुन्हा लिहिलंत तर ते इथे दिसेल. काटछाट करणार नाही. फक्त ‘ताई’ तेवढं गाळेन.