नरक्याचा काढा आणि ‘फक्त दोन अणू’

गेल्या आठवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. संध्याकाळपर्यंत तो मंगळवार पेठेत आत्तीच्या मोबाइलवरही पोचला. मजकूर असा: ‘राधानगरीच्या जंगलातल्या नरक्याच्या झाडात कॅन्सरचं औषध आहे. कंपन्या त्यातले फक्त दोन अणू बदलतात, पेटंट घेतात आणि लाखाला विकतात. मूळ सालीचा काढा प्या. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ आत्तीची केमो चालू आहे.

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून तर पुढचं खपतं. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं. वॉल आणि वाणी या संशोधक जोडीनं ते एका चिनी झाडातून काढून १९६६ मध्ये जगापुढं मांडलं. (यातले मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे.) १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडलं.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ हे माणसांवर तपासून झालंय. मूळ रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून १९७०च्या आसपास त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार करताना रेणूतलं अणूंचं एक कडं उघडतं, आणि उघड्या कड्याचा रेणू गाठीवर जवळपास निकामी. लघवी मात्र आम्लधर्मी. मूत्राशयात ते कडं पुन्हा मिटतं आणि विष जागं होतं, तेही भलत्याच जागी. लघवीतून रक्त, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

‘फक्त दोन अणू.’ दोनच्या वर आहेत, पण ते सोडा. संशोधकांनी कड्याला हात न लावता रेणूच्या दुसऱ्या टोकाला नायट्रोजनवाला एक गट जोडला, रेणू पाण्यात विरघळू लागला, ते टोपोटेकॅन हे औषध. इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाला तर एक शेपूटच लावलंय. शरीरातलं एन्झाइम ते तोडतं, तेव्हा खरं औषध मोकळं होतं. अमेरिकेत दोन्हींना मंजुरी १९९६ची. जुलाब इरिनोटेकॅननंही होतात, जोरदार होतात; पण मात्रा उंची-वजनावरून ठरते आणि रक्त तपासूनच पुढचा डोस देतात. एवढ्याशा बदलानं किती फरक पडतो, त्यासाठी अंगणातली सदाफुली बघा. तिच्यातल्या विनब्लास्टिन आणि विन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या दोन औषधांमध्ये एका जागी मिथिल की फॉर्मिल (अणूंचे छोटे गट) एवढाच फरक, पण पहिलं जास्त करून अस्थिमज्जेला झोडपतं, दुसरं मज्जातंतूंना. इथं बदल झाडानंच केलाय, कंपनीनं नव्हे.

पेटंटचा मुद्दा अगदीच खोटा नाही, नवं औषध महागच येतं. पण या दोन्हींची मूळ पेटंटं केव्हाच संपली. आता भारतीय कंपन्याही ती बनवतात.

राहिला काढा. पाण्यात न विरघळणारा पदार्थ पातेल्यात किती उतरला, कुणाला माहीत? एका कपात काहीच नसेल, दुसऱ्यात नको तेवढं असेल. केमोनं पांढऱ्या पेशी आधीच खाली आणलेल्या असताना हा जुगार कशाला?

ओट्यावर कागदात गुंडाळलेले सालीचे चार तुकडे होते. कुठनं आणलंस, विचारलं. ‘आरं, वळखीच्यानं दिलं, जंगलातलं हाय,’ आत्ती म्हणाली. चोरून तोडलेला नरक्या पकडल्याच्या बातम्या आपल्याकडं येतच असतात, तेव्हा पुढं काही विचारलं नाही. पुडी तिच्या केमोच्या फाइलीत घातली. सोमवारी डॉक्टरांपुढं आधी तीच ठेवायचीय.