६५ वॅट म्हणजे ६५च नव्हे

कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलण्यावरच्या लेखात म्हटलंय की नवा प्रोसेसर ६५ वॅटचाच असेल तर त्याला थंड ठेवणारा जुना पंखा, म्हणजे कूलर, खुशाल ठेवा. इतकं सोपं नाहीये ते. इंटेलच्या आय५-१२४०० वर बेस पॉवर (नेहमीच्या वेगातला वीजवापर) ६५ वॅट लिहिलेली असते, पण टर्बोमध्ये, म्हणजे जोर लावून वेगाने चालताना, तोच ११७ पर्यंत जातो. एएमडीचे १०५ वॅटवाले एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) प्रोसेसर १४२ पर्यंत खेचतात. कूलर निवडताना हा दुसरा आकडा धरायचा. त्यात आपला पुण्याचा एप्रिल! परदेशी रिव्ह्यूतलं तापमान बहुधा एसीतल्या खोलीचं असतं. तुमची खोली त्याहून १२ अंशांनी गरम असेल, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापणार.

आणि जुना कूलर बसणार का, हे आधी बघा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवती कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी, नंतरच्या एलजीए १७०० चं ७८. तीन मिलिमीटरसाठी वेगळं ब्रॅकेट शोधत फिरावं लागतं. एएमडीच्या एएम४ वरून एएम५ ला जाताना मात्र मदरबोर्डची मूळ बॅकप्लेट (मागची आधारपट्टी) वापरणारे बरेच कूलर तसेच बसतात.

टॉवर कूलर (उभा, उंच कूलर) घ्यायचा तर कॅबिनेट मोजूनच तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जा; १२० मिमी पंख्याचे टॉवर बहुतेक १५५-१६० मिमी उंच असतात. तिथे कुणी लिक्विड कूलिंग गळ्यात मारायला लागलं तर सरळ नाही म्हणा. सहा कोअरच्या साध्या प्रोसेसरला ती निव्वळ हौस आहे. पंखा चार पिनांचा (कामाप्रमाणे वेग बदलणारा) घ्या, म्हणजे काम नसताना घरघर कमी. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट अर्थातच नवी.