निवडणुकीला एकत्र येता, मग निराधारांच्या खिडकीवर का नाही?

आज एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीसमोर करवीर तालुक्यातली एक आजी पासबुक घेऊन उभी होती. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे थांबलेत. आतून उत्तर आलं, "इथनं सोडलेत, बँकेत जावा." बँक आधीच म्हणालेली, "आमच्याकडं आलेच नाहीत, तहसीलला विचारा." दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच डोकं फिरलं.

पैसे जातात कुठं ते सांगतो. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे पैसे पासबुकावरचा नंबर बघून येत नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेशी सीड झालंय, म्हणजे जोडलंय, तिथल्या खात्यात जातात. कधीतरी गल्लीत टेबल मांडून कुणी उघडून दिलेलं खातं, आजीला आठवतही नाही, पैसे तिथं. ते खातं बंद असलं तर माघारी. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणून भागत नाही, सीडिंगचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. कुठली बँक जोडलीय हे आधार नंबर आणि ओटीपीवर लगेच दिसतं. पण ओटीपी येतो नातवाच्या मोबाईलवर, आणि नातू पुण्याला. खुरपून, भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही.

आजीला हे कुणी सांगितलंच नाही.

त्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. ३०० रुपये हजेरी धरा, ७० दिवसांच्या वर एक दिवस भांगलायला गेली की बाई 'निराधार' राहत नाही! पेन्शन महिन्याला १,५००. या आकड्यात जगून दाखवा कुणीतरी.

कारकुनावर कामाचा बोजा आहे, एकेका तलाठ्याकडं दोन-तीन गावं आहेत, मान्य. पण आपल्याकडं कारखान्याची, दूध संघाची निवडणूक लागली की एका रात्रीत पॅनेल जुळतं, कालचे विरोधक एका गाडीतून फिरतात. ही एकी त्या खिडकीपाशी का दिसत नाही?

शाहू महाराज अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. सत्तेतल्या एकाला कळवळा असून भागत नाही, बरोबरच्यांनाही त्यात ओढावं लागतं, हे आपल्या कोल्हापूरनं पाहिलंय.

रागानं लिहितोय, पण त्या खुर्च्यांवर आपलीच माणसं आहेत. त्यांच्याही घरी आई आहे. म्हणून हात जोडून मागतो: महिन्यातला एक दिवस ठरवा. तलाठी, निराधार शाखेचा कारकून, बँकेचा माणूस आणि आधारचं मशीन एकाच टेबलावर, गावच्या चावडीत. ठसे उठत नसतील तर डोळ्यांवरनं ओळख पटवा. उत्पन्नाचा आणि हयातीचा दाखला तिथंच द्या. पैसे अडकले तर कारण कागदावर मराठीत लिहून, सही करून हातात द्या. सरपंच आणि आमदारांनी टेबल उठेपर्यंत तिथं बसावं.

तोवर मित्रांनो, शेजारी कुणाचे पैसे थांबले असतील तर आधारला जोडलेला मोबाईल कुणाकडं आहे ते आधी विचारा. सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते बघा आणि मगच म्हाताऱ्या माणसाला एसटीत बसवा. जमलं तर सोबत जावा.